हात पोचेल अशी गाडी द्या: छोट्या मोटरहोमच्या निर्मात्यांना खुलं पत्र

प्रति,
छोट्या मोटरहोम आणि कॅम्परव्हॅन (झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेल्या गाड्या) बनवणाऱ्या कंपन्यांचे आरेखनकार, उत्पादन-प्रमुख आणि विक्री विभाग

स. न. वि. वि.

तुमची गाडी घ्यायला आलेला माणूस आधी पलंगावर आडवा होऊन बघतो, गाद्यांचा रंग बघतो, कप्पे उघडतो आणि लावतो. तुम्हाला हे पक्कं ठाऊक आहे, म्हणून प्रदर्शनात तुम्ही तेच मांडता. गाडीचं पुढचं आयुष्य मात्र पलंगाखाली, कपाटामागे आणि छपराच्या सांध्यांत ठरतं. तिथे डोकावायची सोय बहुतेक गाड्यांत नसतेच. पाण्याचा पंप बदलायचा तर पलंगाची चौकट सोडवा. फ्यूज बघायचा तर सीट उचकटा. बॉयलरमधलं पाणी सोडायची चावी कपड्यांच्या कपाटाच्या तळाशी, चार स्क्रूंनी आवळलेल्या फळीखाली दडवलेली मी पाहिली आहे. थंडीच्या दिवसांत गाडी उभी करून ठेवायची म्हटली की ही चावी दर वेळी लागते. ज्याने ती तिथे बसवली त्याने बोचऱ्या गारठ्यात, हातात टॉर्च धरून ते चार स्क्रू एकदा तरी काढले असतील का?

तुमच्याकडे मागणं एकच आहे. जे बिघडणार, तुंबणार, गंजणार किंवा ओलं होणार, तिथे मालकाचा हात पोचला पाहिजे. आणि जिथे हात पोचत नाही तिथला खरा आकडा कागदावर मिळाला पाहिजे. पत्रातलं बाकी सगळं याच मागणीचा विस्तार आहे.

आम्ही छोटी गाडी का घेतो ते आधी सांगते. सहा मीटरच्या आतली व्हॅन साध्या पार्किंगमध्ये शेपूट थोडी बाहेर ठेवून का होईना, उभी राहते. अरुंद गावरस्त्यावर समोरून ट्रॅक्टर आला तर मागे घेता येते. छप्पर वर उचलायची सोय असलेल्या बुटक्या गाड्या दोन मीटरच्या आडव्या दांड्याखालूनही जातात. मोठ्या मोटरहोमवाल्याला मुक्कामाची जागा आधी ठरवून त्याप्रमाणे रस्ता आखावा लागतो. आम्ही रस्त्याला लागतो आणि जागा नंतर बघतो. या मोकळिकीसाठी आम्ही बरंच सोसतो. दोनांपैकी एकाने उठायचं तर दुसऱ्याने पाय आवरायचे, हा आमच्या संसाराचा पहिला नियम. चहाचं भांडं काढण्याआधी त्याच्यावरच्या तीन वस्तू काढायच्या, हा दुसरा. फियाट ड्युकाटोच्या जातीची व्हॅन बाहेरून सुमारे २.०५ मीटर रुंद असते. पत्रा, इन्सुलेशन आणि आतलं अस्तर वजा जाता आडव्या पलंगाला जेमतेम १.९ मीटर लांबी उरते. उंच माणसाने तिरकं झोपावं किंवा गुडघे मुडपून. याबद्दल आमची तक्रार नाही. भूमितीशी भांडण्यात अर्थ नसतो.

छोट्या गाडीत प्रत्येक वस्तू दुसऱ्या वस्तूमागे असते, हे आम्हालाही कळतं. म्हणून तर मागची वस्तू काढायची वाट आधी आखायला हवी. तुमच्याच धंद्याचा इतिहास आठवा. १९५१ साली वेस्टफालियाने फोक्सवॅगनच्या व्हॅनसाठी ‘कॅम्पिंग बॉक्स’ नावाचं फर्निचर केलं. आठवडाभर मालवाहू म्हणून राबलेल्या व्हॅनमध्ये सुट्टीच्या दिवशी ते बसवायचं आणि काम सुरू झालं की पुन्हा बाहेर काढायचं. त्यात आजच्यासारखं सुख नव्हतं, पण उचलता येणाऱ्या सामानामागचा पत्रा, वायर, गंज सगळं दिसायचं. त्यानंतर आपण गाडीत स्वयंपाकघर, न्हाणीघर, हीटर, फ्रिज, बॅटऱ्या सगळं कोंबलं आणि वर डिंक ओतून पॅनलं चिकटवून टाकली.

आता वजन. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुमच्या माहितीपत्रकातली सगळ्यात निसरडी जागा हीच आहे.

युरोपात विकल्या जाणाऱ्या बहुतेक छोट्या मोटरहोमची कमाल मर्यादा ३५०० किलो असते, कारण साध्या कारचा परवाना वर्षानुवर्षं तिथवरच चालत आला. माहितीपत्रकात ‘चालू स्थितीतलं वजन’ दिलेलं असतं: गाडी, ७५ किलोचा चालक, ९० टक्के इंधन, गॅस आणि पाणी. समजा तो आकडा २९०० आहे. वाचणारा वजाबाकी करतो, ६०० किलो उरले म्हणून खूश होतो आणि सही करतो.

पुढची वजाबाकी मीच करून दाखवते. चार सीटांची गाडी, म्हणजे आणखी तीन प्रवासी, नियमाने प्रत्येकी ७५ किलो. उरले ३७५. छापील वजनात पाच टक्क्यांपर्यंत फरक नियमाला चालतो; २९०० वर तो १४५ किलो होतो. आणि आमच्या नशिबात तो नेहमी जड बाजूलाच का पडतो हे तुम्हीच जाणे. उरले २३०. मग पाणी. नियम टाकी ९० टक्के भरलेली धरा म्हणतो, म्हणून काही कंपन्या वीस लिटरच्या वरचं पाणी सांडून देणारी झडप बसवतात, तिला ‘प्रवासातली भरती’ म्हणतात आणि कागदावर वीसच लिटर धरतात. शंभर लिटरची टाकी आम्ही खरोखर भरली तर आणखी ऐंशी किलो. उरले दीडशे. ऑनिंगचे, म्हणजे गाडीच्या बाजूला उलगडायच्या कापडी छताचे, तीस, छपरावरची सौर पॅनलं, दुसरी बॅटरी आणि सायकलींचा मागचा स्टँड मिळून सत्तर धरू. उरले पन्नास. दोन विजेच्या सायकली टांगल्या की तेही संपले. चार माणसांचे कपडे, अंथरूण-पांघरूण, खुर्च्या, भांडी, शिधा अजून दाराबाहेरच आहे.

किमान सामानाबद्दल युरोपीय नियम काय म्हणतो तेही सांगते. सीटांची संख्या आणि गाडीची मीटरमधली लांबी यांची बेरीज करा आणि दहाने गुणा. चार माणसं आणि सहा मीटर म्हणजे शंभर किलो. चौघांच्या बिऱ्हाडाला शंभर! इतकी जागा ठेवली की नियम पाळला गेला. तो काठावर पाळणाऱ्या गाड्या तुम्ही चार जणांच्या म्हणून विकता आणि रस्त्यात वजनकाट्यावर थांबवलं की दंड भरतो तो चालक.

एकूण वजन मर्यादेत असलं तरी मागच्या आसाचं (ॲक्सलचं) वेगळं गणित राहतंच. दोन्ही आसांमधलं अंतर चार मीटर आहे आणि सायकलींचा ६० किलोचा भार मागच्या आसाच्या दीड मीटर मागे लटकतोय असं धरा. तरफेच्या नियमाने मागच्या आसावर ६० नाही, ८२ किलोहून जास्त भार येतो आणि पुढचा आस २२ किलोंनी हलका होतो. यातल्या पुष्कळ गाड्या पुढच्या चाकांनी ओढल्या जातात. ओल्या गवतावर चाक जागच्या जागी फिरत राहतं आणि शेजारच्या तंबूतली मंडळी धक्का द्यायला उठतात, त्याचं मूळ त्या २२ किलोंत असतं.

म्हणून प्रत्येक गाडी, तीच गाडी, कारखान्यातून निघताना काट्यावर चढवा. मागवलेल्या सगळ्या जोडण्यांसह, दोन्ही आसांवरचं वजन वेगवेगळं. पावती किल्लीबरोबर द्या. काटा तुमच्याकडे आहेच.

ओल हा दुसरा मोठा विषय. बाहेरून येणारं पाणी सांध्यांतून शिरतं: छपरावरच्या खिडकीची चौकट, ऑनिंगचा पट्टा, मागच्या दिव्याभोवतीचं रबर. सीलंट कधीतरी कडक होतो, भेगाळतो, आणि ते दर वर्षी तपासणं आमचं काम आहे. ते आम्ही करतो. पण आतून प्लायवुड भिजायला लागलं हे कळणार कसं? ओल मोजायच्या यंत्राने लाकडात १५ टक्क्यांपर्यंत ओलावा दाखवला तर काळजी नसते. वीस ओलांडले की कारण शोधायचं, तीस झाले की लाकूड कुजतंय असं धरून चालायचं. ते यंत्र टेकवायला मात्र लाकूड उघडं सापडत नाही. सगळीकडे मऊ कापडाचं सुंदर अस्तर. ते दिसतं छान, यात वाद नाही. प्रत्येक छिद्राशेजारी, म्हणजे खिडकी, व्हेंट, केबल जिथे जिथे पत्रा किंवा भिंत कापली आहे तिथे, हाताने निघणारी एक छोटी झाकणी ठेवा. बोटाने चाचपता आलं तरी पुष्कळ आहे.

आतल्या पाण्याचं तर कुणी बोलतच नाही. दोन माणसं बंद गाडीत रात्रभर झोपली की श्वासातून आणि अंगातून अर्ध्या लिटरच्या वर वाफ बाहेर पडते. गॅसच्या शेगडीचा हिशोब रसायनशास्त्रातला आहे: एक किलो प्रोपेन जळला की सुमारे १.६ किलो पाणी तयार होतं, आणि ते कुठल्या नळातून वाहून जात नाही, हवेत मिसळतं. पत्र्याच्या व्हॅनमध्ये लोखंडी फासळ्या थंडगार असतात. ही वाफ इन्सुलेशनच्या फटींतून तिथवर जाते, थेंब होऊन ओघळते आणि दाराच्या तळाशी साचते. मग दार खालून गंजतं आणि लोक म्हणतात पाऊस आत येतो. कपाटांच्या मागे बोटभर हवेची जागा सोडा, गादीखाली जाळी द्या, आणि इन्सुलेशन फासळ्यांवरूनही न्या. खर्च फारसा नाही. फक्त फोटोत दिसत नाही.

छप्पर उचलणाऱ्या गाड्यांचं कापड तेवढं सांगून टाकते. पावसात मिटावं लागलं तर पुढच्या मुक्कामी उघडून वाळवायचंच, नाहीतर बुरशीचे काळे ठिपके कायमचे बसतात. हे आम्हाला येतं. कापड गाडीपासून सोडवून धुता यावं आणि वेगळं विकत मिळावं, एवढं तुम्ही बघा.

विजेकडे वळते. लेड-ॲसिड बॅटरी अर्ध्याहून जास्त रिकामी केली की तिचं आयुष्य भराभर घटतं, त्यामुळे शंभर अँपिअर-तासांतले पन्नासच हाताशी येतात. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी त्याच क्षमतेला निम्म्याहून हलकी असते आणि जवळजवळ सगळी वापरता येते. वजनाचं वरचं रडगाणं वाचल्यावर आम्हाला ती का हवी हे वेगळं सांगायला नको. पण ती शून्य अंशाखाली चार्ज केली तर आत धातुरूप लिथियम साचतं आणि क्षमता कायमची जाते. चांगली बॅटरी अशा वेळी स्वतःच चार्जिंग नाकारते. तरीही ही बॅटरी बाहेरच्या थंड कप्प्यात बसवलेल्या गाड्या विकल्या जातात, आणि थंडीत सकाळी सकाळी गाडी सुरू करूनही बॅटरी भरत का नाही म्हणून मालक मेकॅनिककडे जातो. तिला आतल्या उबेत जागा द्या.

आणखी एक गोष्ट इंजिनामुळे आली. नव्या इंजिनांत वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरचा व्होल्टेज सतत खाली-वर होतो; इंधन वाचवायला एरवी उतरतो, ब्रेक लावताना चढतो. साध्या रिलेने (आपोआप जोडणाऱ्या खटक्याने) जोडलेली गाडीतल्या घराची बॅटरी मग दिवसभर गाडी चालवूनही अर्धपोटी राहते. मधे डीसी-डीसी चार्जर लागतो, म्हणजे ती खाली-वर होणारी वीज बॅटरीला हव्या त्या व्होल्टेजवर आणणारा. हे तुमच्या प्रत्येक अभियंत्याला माहीत आहे. तरी काही किंमतपत्रकांत तो अजून ‘ऐच्छिक’ रकान्यात आहे, कातडी स्टिअरिंगच्या शेजारी.

सौर पॅनलांबद्दल विक्रेते जे बोलतात ते जरा आवरा. छपरावर सपाट ठेवलेलं शंभर वॉटचं पॅनल चांगल्या उन्हाळी दिवशी साधारण ३०० ते ५०० वॉट-तास देतं. कॉम्प्रेसरच्या फ्रिजला दिवसाला जवळपास तेवढेच लागतात. म्हणजे एक पॅनल म्हणजे एक फ्रिज, तेही झाडाखाली उभं न राहता. आणि उन्हाळ्यात सावली सोडून कोण उभं राहतं? खांबासारखी सावली पॅनलच्या एका कोपऱ्यावर पडली तरी वीज बरीच घटते, म्हणून व्हेंट आणि अँटेना पॅनलपासून लांब बसवा. छोट्या छपरावर ही भांडणं कागदावरच मिटवता येतात.

आणि वायरिंगचा नकाशा. तो मागितला की उत्तर येतं, ‘अधिकृत केंद्राकडे असतो’. केंद्राकडे विचारलं की ‘कंपनीकडून मागवावा लागेल’. गाडी माझी, वायर माझी, आग लागली तर झोपलेली माणसं माझी. नकाशा गाडीतच हवा, फ्यूजच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला, प्रत्येक वायरचा रंग आणि जाडी लिहिलेला.

गॅसचं थोडक्यात. प्रोपेन हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो, म्हणून तळाला भोकं असतात. थंडीत त्यांतून वारा येतो आणि लोक ती चिंध्यांनी बुजवतात. हा मालकांचा मूर्खपणा खरा. पण भोक पायांच्या अगदी समोर ठेवण्याऐवजी आडोशाला ठेवलं असतं तर चिंधी शोधायची वेळच आली नसती. रेग्युलेटर आणि रबरी नळीवरची तारीख सिलिंडर न हलवता वाचता यावी. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म कारखान्यातूनच लावून द्या, ऐच्छिक रकान्यात नको. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायू व्हायचाच थांबतो आणि प्रोपेन उणे बेचाळीसपर्यंत होत राहतो, हे सिलिंडरच्या कप्प्याच्या दारावर छापा. हीटर बिघडला म्हणून येणारे कितीतरी फोन वाचतील.

संडासाच्या कॅसेटवर कुणी खुलं पत्र लिहीत नाही, म्हणून मी चार ओळी लिहिते. सतरा ते वीस लिटरची, मैला साठवायची ती पेटी दोघांना दोन-तीन दिवस पुरते. भरल्याचा दिवा लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. ती बाहेर काढायचं दार चाकाच्या इतकं जवळ ठेवू नका की ती तिरकी करूनच काढावी लागेल. तिरकी केल्यावर काय होतं ते लिहीत नाही.

आता सगळ्यात कडू विषय, हमी. गाडीचा सांगाडा एका कंपनीचा, त्यातलं घर दुसऱ्या कंपनीचं, हीटर तिसऱ्याचा, फ्रिज चौथ्याचा. डिझेलवर चालणारा हीटर सुरूच होईना तेव्हा मूळ व्हॅनच्या गॅरेजने सांगितलं, हे घरवाल्यांचं काम. घरवाल्यांनी सांगितलं, हीटरवाल्यांचं. हीटरवाल्यांनी फोनवर विचारलं, डिझेल नेमकं टाकीच्या कुठल्या भागातून घेतलंय? ते मूळ व्हॅनच्या गॅरेजला विचारा. शेवटी एका छोट्या मेकॅनिकने जमिनीवर उताणं पडून दहा मिनिटांत सांगितलं की इंधनाची नळी घर बसवताना चेंगरली आहे. ती नळी दिसायला त्याला संरक्षक पत्रा सोडवावा लागला, आणि त्या पत्र्याचे रिव्हेट तोडल्यामुळे हमी गेली असं मला नंतर कळवण्यात आलं.

ज्याने गाडी विकली त्याने सगळ्या गाडीची जबाबदारी घ्यावी, मग आतल्या आत कुणाकडून काय वसूल करायचं ते त्याने बघावं. रिव्हेटऐवजी स्क्रू वापरा, डिंकाऐवजी क्लिपा. आणि सुटे भाग प्रचलित मापाचे ठेवा. छपरातली ४० बाय ४० सेंटिमीटरची खिडकी हे उत्तम उदाहरण आहे: फुटली तर कुठल्याही कंपनीची त्या मापाची घ्या आणि बसवा. त्याच गाडीतला बाजूच्या कपाटाचा खटका मात्र तुम्ही खास वळणाचा केलेला असतो, आणि मॉडेल बंद झालं की तो पृथ्वीवरून नाहीसा होतो.

तुमचं उत्तर मला माहीत आहे, कारण विक्री विभागातल्या एका सज्जन माणसाने ते मला हसत हसत दिलं होतं: ‘पंप कुठे आहे असं गिऱ्हाईक विचारतच नाही.’ खरं आहे. आम्ही चार पलंगांची गाडी मागतो आणि वरच्या पलंगावर पिशव्या ठेवतो. आम्ही न्हाणीघर मागतो आणि त्यात ओले बूट ठेवतो. दोन माणसांनी दोनाचाच पलंग मागितला असता तर खाली पंपाला, बॅटरीला आणि माणसाच्या खांद्याला जागा झाली असती. हा दोष आमच्या पदरात घाला. पण जुनी गाडी घ्यायला येणारे पंपाची जागा विचारतात बरं का. ते ओल मोजायचं यंत्र घेऊन येतात, पलंग उचलतात, टायरवरच्या शेवटच्या चार आकड्यांवरून आठवडा आणि वर्ष वाचतात. तुमच्या नावाची किंमत बाजारात तेच ठरवतात.

म्हणून पुढच्या प्रदर्शनासाठी एक विनंती. दहा गाड्या सजवून मांडाल, त्यात अकरावी सगळी पॅनलं काढून ठेवा. पंप, फ्यूज, बॉयलरची चावी, गॅसचे जोड, सगळं उघडं. शेजारी साधा स्क्रूड्रायव्हर ठेवा आणि येणाऱ्याला पंप काढून परत बसवू द्या. गाडी काट्यावर उभी करा, टाकी भरा, आकडा सगळ्यांना दिसू द्या. तिथे तुमचा आरेखनकारही हजर असावा. त्याला विचारायला माझ्याकडे एक यादी आहे, आणि माझ्या मागे रांगेत उभ्या असणाऱ्यांकडेही असणार.

कळावे,
आपली,
एका छोट्या मोटरहोमची मालकीण